सराव

हिबिंगमध्ये जानेवारीत साडेचारलाच दिवे लावावे लागतात.
टेबलाच्या त्या बाजूला बाबा,
या बाजूला मी, म्हणजे मॅनेजर.
मध्ये मिठाची बाटली, प्रश्नांचे तीन कागद,
आणि टोस्टर. तो आज टीव्ही आहे,
पासष्ट इंची.

"बसा, मिस्टर कोस्केला."
"बसलोच आहे की."
"बाबा, थँक यू म्हणायचं."
"थँक यू," म्हणाले, आणि उठून पुन्हा बसले.

एकसष्ट वर्षांच्या माणसाला
नोकरी मागायला शिकवणं
म्हणजे त्याच्या पायाशी वाकून
त्याच्या बुटांचे बंद बांधणं.
दोघांनीही खालीच बघायचं.

"अनुभव?"
"तुला माहीत नाही?"
"मॅनेजरला माहीत नाही."
मग खिडकीकडे बघत त्यांनी सांगितलं:
एकतीस वर्षं, तिसऱ्या रस्त्यावर, रेडिओ-टीव्ही दुरुस्ती,
दारावर पितळेची घंटा,
मागच्या खोलीत राळ आणि तापलेलं कथील.
(आई म्हणायची, हा माणूस घरी आला की
जळतोय की शिजतोय, कळत नाही.)
दुकानाचं पुढे काय झालं
ते मॅनेजरने विचारलं नाही.
कागदावर तो प्रश्न नव्हता.

"ग्राहक म्हणाला, महाग आहे. तुम्ही काय म्हणाल?"
"म्हणेन, आहेच."
"बाबा."
"मग काय, स्वस्त म्हणू?"

"जादा वॉरंटी कशी विकाल?"
हा प्रश्न येणारच. कार्लाचा मुलगा तिथे आहे,
त्यानेच सांगितलंय, येतो म्हणून.
बाबांनी टोस्टर जवळ ओढला, पालथा केला,
खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला (रविवारीसुद्धा असतो)
आणि चार स्क्रू बशीत मांडले,
जिथून काढले त्याच चार कोपऱ्यांत.
पावाचा चुरा पडला. एक जळका बेदाणा.
"याला बाई, वॉरंटी नको, झटकायला हवं," म्हणाले.
मी कागदावर काही लिहिल्यासारखं केलं.

"अवघड ग्राहकाचा एखादा प्रसंग सांगा."
इथे ते बराच वेळ गप्प.
मला वाटलं, उत्तर पाठ नाही.

"हाल्व्हर्सनबाई. नवरा गेल्यावर
दर गुरुवारी फोन. टीव्ही बंद पडलाय.
मी जायचो. टीव्ही चांगला असायचा.
प्लग काढायचा, मोजून दहा अंक, परत लावायचा.
त्या म्हणायच्या, वा!
मग कॉफी, वेलदोड्याचा पाव.
बिलावर लिहायचो: तपासणी, शून्य डॉलर.
सही करून घ्यायचो, नाहीतर त्यांना वाईट वाटायचं."
"किती दिवस?"
"सहा वर्षं."
"यात तुम्ही काय शिकलात?"
कागदावर तसंच होतं, म्हणून विचारलं.
"गुरुवारी दुसरं काम घ्यायचं नाही."

शेवटचं पान.
"आम्हाला काही विचारायचंय का?
इथे काहीतरी विचारावंच लागतं, बाबा. नाही विचारलं तर
रस नाही असं वाटतं."
त्यांनी टोस्टरच्या पोटात बघितलं.
"परत आलेले सेट कुठे जातात?"
"कुठले परत आलेले?"
"बिघडलेले. दुकानात मागची खोली आहे का?"

मी पान उलटलं. मागे कोरं होतं.
बाहेर अंगणात गाडी वायरीला जोडलेली,
रात्रभर इंजिन गोठू नये म्हणून.
हीटरची बारीक घरघर ऐकू येत होती,
किंवा फ्रिजची असेल.
"हे विचारू नका," मी म्हणाले. "सुट्टीचं विचारा."

सकाळी पाव तव्यावरच भाजला.
निळा शर्ट, इस्त्री माझी, टाय कार्लाच्या मुलाचा.
बशीत तीनच स्क्रू होते.
चौथा मी टेबलाखाली शोधला, चुलीमागे, चुऱ्यात.
गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा आठवलं:
निघताना ते शर्टाचा खिसा
दोनदा चाचपत होते.