मागचं दार

निपाणीच्या त्या कार्यालयात मी टेप लावून दारं मोजली.
पुढचं सव्वासात फूट, मागचं साडेतीन.
जिन्याला कठडा एकाच बाजूला.
खुर्च्या पाचशे; माणसं किती, विचारलं तर
मॅनेजर इराप्पा हसले,
"पंगत म्हटल्यावर कोण मोजतंय की, मॅडम?"

मागच्या दाराला कुलूप.
दाराशी कढया, घंगाळं, गॅसच्या दोन टाक्या
आणि कुणाच्यातरी लग्नातला थर्माकोलचा हत्ती,
सोंड मोडलेला.
किल्ली भरमू आचाऱ्याकडं.
भरमू संकेश्वरला.
मी वहीत लिहिलं :
किल्ली — संकेश्वर — बसनं पाऊण तास.

शनिवारी सराव. बचतगटांचा मेळावा, तीनशे बाया.
दार उघडवून घेतलं होतं, हत्तीसुद्धा हलवला होता.
भोंगा वाजवला.
कुणी उठलं नाही.
वखारीचा वाटला;
एकीनं तर घड्याळ जुळवून घेतलं.

मी ओरडले, "आग! बाहेर चला!"
मागून गंगव्वा, "बेंकी! होरगं बर्री!"
एवढ्यापुरतं सगळ्यांना सगळं कळलं
आणि सगळ्या उठल्या
आणि सगळ्या पुढच्याच दाराशी.

चपला तिथं होत्या.

तीनशे जोड, त्यातला आपलाच हवा.
एक वाकली, तिच्यावर दुसरी,
तिसरीचा पदर चौथीच्या पायाखाली,
आणि हसणं, हसणं.
माझ्या हातातलं घड्याळ तेवढं हसत नव्हतं.
चार मिनिटं बारा सेकंद.
पुस्तकात अडीच आहेत.

मागच्या दारानं एकटीच आली,
बेनाडीची कस्तुरा,
भिंतीवर हात टेकत टेकत,
बोटांना तंबाखूचा वास.
अनवाणी.
तिचं पुढच्या दाराशी काही अडलेलं नव्हतं.

आराखड्यातले बाण मी खोडले, परत काढले.
खाली लिहिलं : चपला दोन्ही दारांशी, निम्म्या निम्म्या.
कचेरीतून कागद परत आला,
अर्जात चपलांचा रकाना नाही.
भरमूनं मात्र किल्ली खिळ्याला लावली
आणि विचारलं, "मग कढया कुठं ठेवू?"
त्याचं उत्तर माझ्याकडं अजून नाही.

परवा तिथं लग्न होतं. गेले.
पुढं चपलांचा डोंगर, आत अक्षता.
वळसा घालून मागं आले.
कुलूप नव्हतं.
दारात हत्ती.

त्याला दोन हातांनी बाजूला सरकवलं,
माझ्या चपला काढल्या
आणि त्याच्या पायाशी ठेवून
आत गेले.