डोक्याकडून की शेपटीकडून

मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलाव उरकत आला होता.
राबिया होडेकर पालथ्या क्रेटवर बसलेली,
पुढ्यात बांगड्याचे चार वाटे, एक कापलेली सुरमई
आणि मी, मांडीवर टॅब घेऊन,
पाचवा वाटा असल्यासारखी.

प्रश्न ठरलेले असतात.
चालता येतं का, अंघोळ आपली आपण होते का,
रोजची कामं, दुखणं, मनाची घालमेल.
एवढ्यात माणूस बसवायचा
आणि शून्य ते एकमध्ये त्याची जागा शोधायची.
शून्य म्हणजे मेलेला. एक म्हणजे धडधाकट.
एकवर अजून मला कोणी भेटलेलं नाही.

तिची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी.
डॉक्टर म्हणतात, हा वाताचा प्रकार, बर्फाचा दोष नाही.
ती म्हणते, डॉक्टरनं कधी पहाटे चारला
बर्फात हात घातलाय?

दर पंधरा दिवसांनी एक, अशी नवी सुई आली आहे.
सरकारने ती घ्यावी का, घेतली तर कितीला,
हे मोजायची माझी नोकरी.
आई सांगते, मुलगी औषधांच्या लाइनीत आहे.
लोक विचारतात, दुकान कुठे टाकलं?

मग शेवटचा प्रश्न, जो विचारताना
मी नेहमी पाण्याकडे बघते:
दहा वर्षं, ही अशीच बोटं घेऊन.
की नऊच वर्षं, पण बोटं लग्नाआधीची?

"नऊ दे."
की आठ?
"आठ दे."
सात?
ती थांबली. गिऱ्हाईक फार खाली आलं
की थांबतात तशी.
"सातावर काय देशील?"
वर काही नाही, मावशी.
"मग ही तीन वर्षं कापणार कुठनं गो?
डोक्याकडून की शेपटीकडून?"

नियमाने शेपटीकडून.
"शेपटीकडून तर कोणीपण देईल.
मधली तुकडी मागून बघ."

मी लिहिलं: शून्य पूर्णांक सात.
उत्तराच्या रकान्यात अक्षरं चालत नाहीत.

बाबा बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहायचे.
म्हणायचे, माल बाराच्या आत काढा,
नंतरचा पैसा बर्फच खातो.
पुढे पुण्यात, वातानुकूलित वर्गात,
सरांनी फळ्यावर लिहिलं:
उद्याचं आरोग्य आजच्यापेक्षा स्वस्त,
वर्षाला तीन टक्क्यांनी.
सगळे सूत्र उतरवत होते.
मला लाकडाच्या भुशाचा वास आला,
लादीखालून वाहणारं पाणी दिसलं.

अहवाल गेला. बैठक झाली.
सुई गुणकारी आहे, यावर दुमत नव्हतं.
पण तेवढ्याच पैशात डायलिसिसची किती यंत्रं,
किती बाळांना लस, हेही कागदावर होतं,
आणि तो कागदही मीच केला होता.
शेवटची ओळ माझी:
किंमत चाळीस टक्के उतरल्यास शिफारस.
म्हणजे, उतरवलात तर घेऊ.
संध्याकाळी जेटीवर हेच म्हणतात,
आणि विकणारी देऊनही टाकते,
कारण मासळी थांबत नाही.

कंपनी थांबू शकते.
तिच्या मालाखाली बर्फ वितळत नाही.
वितळतं ते दुसरीकडे कुठेतरी,
ज्याचा मी दर लावलेला आहे.

त्या दिवशी उठताना राबियामावशीने
पाच बांगडे पिशवीत टाकले. "वर."
उत्तर देणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही,
माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, मीच लिहिलेलं.
मी नको नको म्हणत होते,
ती पिशवीची गाठ मारत होती.
एकदा सुटली. दुसऱ्यांदा सुटली.
तिने पिशवी मुकाट माझ्याकडे सरकवली
आणि समोरच्या बाईला सुरमईचा भाव सांगू लागली,
जरा जास्तच मोठ्याने.

गाठ मी मारली.