अर्धा तास म्हणजे एक टोपली

भिवापुरात बस स्टँडसमोर, नागोसेंच्या मेडिकलात
अकरा वर्षं मी काउंटरच्या आत उभा आहे.
डॉक्टरांचं अक्षर मला वाचता येतं,
बाकी फार काही येत नाही.
ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर मी सूर्य काढतो.
उगवता असला तर खाली एक रेघ.
रात्रीला चंद्रकोर.
जेवणाआधी : रिकामी थाळी.
जेवणानंतर : थाळीत तीन ठिपके.
ठिपके म्हणजे भात,
हे कुणाला सांगावं लागलं नाही.

बयनाबाई दडमलची चिठ्ठी नागपूरची होती,
घडी घालून घालून मऊ पडलेली.
घशातून दुर्बीण उतरवली म्हणे,
पोटात रुपयाएवढी जखम.
"मले वाटलं मिरचीच लागली असन पोटाले.
तीस वर्सं सातऱ्यावर देठ खुडून राह्यली.
डाक्टर म्हने, मिरची नाही. जंतू हाय एक.
अन् गोळ्या."

कोणत्या गोळ्या, मी विचारलं.
मला माहीत होतं.

गुडघ्याची पांढरी गोळी. सुटी. दोन रुपयांना एक.
दिवसभर उकिडवं बसून ती संध्याकाळी यायची,
बोटं लाल, पदर नाकाला,
तिच्या मागोमाग ठसका आत शिरायचा,
गिऱ्हाईकं खोकायची, मालक पंखा वाढवायचा,
आणि मी कात्रीनं पट्टी कापायचो.
नावाची बाजू दुकानात राहायची.
त्या गोळीवर मी कधी सूर्य काढला नाही.
थाळी तर नाहीच.
दोन रुपयांच्या मालावर कोण चित्रं काढत बसतो.

आता सगळं काचेवर नीट मांडलं.
ही पिवळी, उपाशीपोटी, पोटातलं आम्ल अडवते.
ह्या दोन जंतूसाठी, चौदा दिवस, सकाळ-संध्याकाळ.
एकीनं तोंड कडू होईल, लोखंड चाटल्यासारखं,
तरी थांबायचं नाही.
ही बाटली जखमेवर बसते,
भिंत सारवतो ना, तशी.
आणि पिवळीनंतर अर्ध्या तासानं जेवायचं.

"अर्धा तास म्हंजे किती जी?"
मी घड्याळाकडे बघितलं, ती माझ्याकडे.
"एक टोपली खुडून होते, तेवढा?"
किती वेळ लागतो टोपलीला?
"पह्यले लवकर व्हाये. आता हात चालत नाही."
मग ठरलं. एक टोपली.
मी पाकिटावर टोपली काढली,
ती कढईसारखी झाली.
बयनाबाई हसली. दात लाल नव्हते, बोटंच लाल होती,
हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

नवव्या दिवशी दारातच थुंकली.
"च्या कडू, पानी कडू, आपलीच जीभ कडू.
सोडून देऊ का बापू?"
मी ओरडलो. रस्त्यावरचा पानवालाही वळला.
ती शांतपणे म्हणाली,
"एवढा त्या पांढऱ्या गोळीले वरडला असता, तं."
पुढचं वाक्य तिनं पूर्ण केलं नाही.
मी चिल्लर मोजत राहिलो,
मोजून झालेलीच.

पंधराव्या दिवशी रिकाम्या पट्ट्या घेऊन आली,
सुतळीनं बांधलेल्या, विड्यांच्या जुडीसारख्या.
"मोजून घे."
पिवळ्या दोन उरल्या होत्या.
"त्या दिवशी सातरा बंद होता जी.
टोपलीच नाही, तं अर्धा तास कसा मोजू?"
पोटात आग आहे का अजून?
"हाय थोडी. पन आता ते जेवन मांगते."

परवा सातऱ्यावरचीच एक पोरगी आली,
अठरा-एकोणीसची, एक पाय ओढत,
तळहातावर दोनचं नाणं.
"ते पांढरी गोळी देजा. बयनाबाई घ्याची ते."
माझा हात सवयीनं खणाकडे गेला,
कात्री तिथंच असते.
मालक आतून बघत होता.

मी विचारलं,
जेवलीस का?