समुद्रसपाटी

रास अल खैमाच्या हँगरात
जुन्या थंडरबोल्टच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून
इनास डाबरे सांगतो:
वर हवा विरळ, इंजिनाला धाप लागते.
म्हणून हा टर्बो.
इंजिनाने टाकलेल्या धुरावरच फिरतो,
पातळ हवा दाबून दाबून आत भरतो,
कळूच देत नाही त्याला
की समुद्र कधीच खाली राहिला.

मग?

मग एक उंची येते.
चक्राला याहून जोरात फिरवत नाही.
तिथून पुढे दर हजार फुटांना
थोडी थोडी ताकद गळते.

बाहेर अठ्ठेचाळीस अंश.
उंचीमापक शून्यावर,
आणि हवा उन्हाने अशी पातळ,
की उभ्या जागी चार हजार फूट चढल्यासारखी.

अठरा वर्षं झाली, इनास पाना पुसतो.
वसईत फोनवर
अजून कुणाला कळलेलं नाही.