शिफारस, दीडशे शब्दांत

अंतिम तारीख शुक्रवार, दुपारी बारा.
बेथन प्रॉसर, वय चौतीस वर्षं अकरा महिने,
आणि निधी पस्तिशीच्या आतल्यांना,
'मातीला पुन्हा जिवंत करणाऱ्या तरुण नेतृत्वासाठी'.
म्हणजे यंदा नाही तर नाहीच.
पुढच्या वर्षी ती तीच असेल, रानही तेच,
फक्त तरुण नसेल.

फॉर्म विचारतो: अर्जदाराशी आपलं नातं?
मालक. शिक्षक. वरिष्ठ. इतर.
मी 'इतर'वर टिचकी मारते.
सहा वर्षं मी तिला चहाचा चोथा देतेय,
आलं-वेलदोड्यासकट, दर मंगळवारी,
आइस्क्रीमच्या डब्यात भरून.
या नात्याला फॉर्ममध्ये नाव नाही.

शिवाय माझा जुना सूक्ष्मदर्शक तिच्या गोठ्यात असतो.
हेरफर्डच्या इस्पितळात एकतीस वर्षं
त्यातून मी परक्यांचं रक्त मोजलं.
तिनं चिमूटभर लाल माती पाण्यात कालवली,
काचेवर एक थेंब ठेवला, म्हणाली, बघा.
मी बघितलं, आणि सवयीनं मोजायलाच लागले:
बुरशीचे धागे, जिवाणूंची गर्दी,
आणि एक सूत्रकृमी, घाईत,
लडलोहून शेवटची बस पकडायला निघाल्यासारखा.

नेतृत्वगुणाचं एक उदाहरण द्या.
नेता म्हणजे पुढे चालणारा, हात उंचावणारा.
ही तर मला नेहमी ओणवीच दिसते.

एप्रिलात तिनं भावाचे दोन सुती बनियन पुरले,
एक आपल्या रानात,
एक कुंपणापलीकडे, कर्नल व्हिटलच्या मक्यात.
रीतसर विचारून.
जूनमध्ये दोन्ही उकरले.
कर्नलच्या रानातला धुऊन घालता आला असता.
तिच्यातला मातीनं खाल्ला होता,
शिवणीचा दोरा आणि मानेमागचं लेबल तेवढं सोडून.
कर्नल ते लेबल हातात धरून
बराच वेळ उभा राहिला.
आणि मका कापल्यावर वीस एकरांत
त्यानं क्लोव्हर पेरलं, कुणाला काही न सांगता.
हे उदाहरण चालेल का?
पुरावे फक्त पीडीएफमध्ये जोडा, म्हणतात.

अपेक्षित परिणाम, तीन वर्षांत, आकड्यांत.
इथे मी अडते.
तीन वर्षांत माती जेमतेम
मान वळवून तुमच्याकडे बघते.
आणि भाडेपट्टा उरलाय दोन वर्षांचा.

एकदा नळावर हात धुताना मी तिला सांगितलं होतं,
आमच्याकडे फुकट गेलं की म्हणतात माती झाली,
फजिती झाली की माती खाल्ली,
कवडीची किंमत म्हणजे मातीमोल.
ती हसली नाही.
मग चांगलं झालं की काय म्हणता?
सोनं झालं म्हणतो, मी म्हटलं.
तिनं नखातला चिखल काढला.
त्यात उगवतं का काही?

तिनं मला अंदाजपत्रक वाचायला पाठवलंय.
हलतं कुंपण, पाण्याची टाकी, चाळीस मेंढ्या,
हाताखालच्या पोराचा पगार.
स्वतःच्या पगारापुढे शून्य.
मी फोन लावला.
तिथे आकडा घाल, म्हटलं.
ती म्हणाली, बरं दिसणार नाही.
मी म्हटलं, बेथन, मी आयुष्यभर मोजलंय,
शून्य हा काही नम्रपणा नव्हे,
शून्य म्हणजे रोगी गेला.
पलीकडे मेंढी खोकली.
मग कळफलकाचा आवाज आला, पाच वेळा.

माझे एकशे त्रेसष्ट शब्द झालेत.
'प्रेरणादायी' काढते. 'दूरदृष्टी' काढते.
'मेहनती'ही, तिथे कोण नाही मेहनती?
चोथ्याचं वाक्य निघतच नाही.
शेवटी माझी पदवी खोडली, तेव्हा बसलं.

अकरा चाळीस. पाठवलं.
बाहेर रात्रीपासून पाऊस आहे,
टेम नदी लाल झाली असणार
वरच्या रानांची माती घेऊन.
मी रबरी बूट चढवते.
आज मंगळवार नाही,
तरी डबा घेते.