एकटीचा जादा आकार

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर
बारगीरांचा मुलगा लोकांना आफ्रिकेला पाठवतो.
पंख्यानं उडू नये म्हणून दरपत्रकावर
त्यानं लाकडी जिराफ ठेवलाय, एका कानाचा.

म्हटलं, भाव सांग.
एकतीस वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या पट्ट्या लिहिल्यात,
डोळे मिटून वासावरून माल सांगते.
मला फिरवू नकोस.

तो म्हणाला, काकू, ते महिन्यावर आहे.
जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्ट नदी ओलांडतात,
त्यांच्या मागोमाग दरही चढतो.
एप्रिलमध्ये तिकडं पाऊस, गाड्या रुततात, गवत उंच,
सिंह असून दिसत नाही. तेव्हा उतरतो.
मी मनात लिहिलं: आवक, ओल, तूट.
माल तोच. दिसण्याचे पैसे.

मग डॉलर. सकाळी एक, दुपारी एक.
मग जंगलाची फी, दर माणशी, दर दिवशी.
मग रस्त्यानं सहा तास हाडं खिळखिळी,
नाहीतर छोट्या विमानानं पाऊण तास,
पण बॅग पंधरा किलो;
भडंग न्यायचं की स्वेटर, ते घरी ठरवा.
आणि तंबू. हत्ती जितका जवळून जाणार
तितकं भाडं जास्त.
आमच्याकडं उलटं, म्हटलं. शिराळ्याकडं
बिबट्या दिसला की प्लॉटला गिऱ्हाईक फिरकत नाही.
तो हसला. जिराफ सरळ केला.

जीपला सहा खिडक्या, सहाजण झाले तर सहावा हिस्सा.
खोली मात्र, काकू, दोघांच्या हिशेबानं असते.
एकट्या माणसाला
जादा आकार.

किती?
त्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडं वळवला.
तोंडानं नाही बोलला. बरं पोरगं.

पूर्वी यार्डात भाव असाच व्हायचा,
रुमालाखाली, बोटं धरून.
वर चेहरा कोरा ठेवायचा.
मी ठेवला.

ह्यांनी पासपोर्ट काढून ठेवला होता.
महापुरात कपाटाचा खालचा कप्पा गेला.
फुगला, पानं चिकटली;
गच्चीवर हळकुंडं पसरावीत तसा
उलटून पालटून वाळवला आम्ही.
नवा काढू म्हणत होते.
आत एकही शिक्का नाही,
नुसती पाण्याची रेघ, फोटोतल्या गळ्यापर्यंत.

अठ्ठ्याहत्तर हजार.
रिकाम्या पलंगाचे,
दुसऱ्या टॉवेलचे,
जो कुणी घडी मोडून वापरणार नाही.

मिरजेच्या एक बाई आहेत, तो म्हणाला,
शमशाद सतारमेकर. मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या.
त्याही एकट्याच आहेत. खोली वाटून घ्याल?

बुधवारी आल्या. उंच, पायात बूट,
पर्समध्ये पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड,
पुण्याला जाऊन टोचून आलेल्या. माझ्याआधी.
विचारलं, घोरता का?
म्हणाल्या, चाळीस वर्षं रात्रपाळ्या केल्या,
मी झोपतच नाही. तुम्ही घोरा.

आकडा लिहायला पोरगं आत गेलं
तेव्हा काय सुचलं कोण जाणे,
मी हातावर पदर टाकला आणि पुढं केला.
यार्डाची भाषा त्यांना कुठून यावी?
त्यांनी पदराखाली हात घातला,
बोटं सोडून मनगट धरलं
आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिल्या.

शहाण्णव, म्हणाल्या.
थोडी जास्त आहे. बसा जरा.

अठ्ठ्याहत्तर हजार वाचले.
ह्यांची जागा तेवढ्याला गेली.
हे मी कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही.

जिना उतरताना ठरवलं: एप्रिल.
चिखल तर चिखल.
सिंह गवतात असला, तर असू दे.