चोवीस सप्टेंबर

गोणपाट तळघरातच राहिलं यंदा.
मे महिना वाल्मिएराच्या इस्पितळात गेला,
ओयार्सच्या खुब्यात धातूचा गोळा बसवण्यात.
कंद आठवले ते वर्षातली सगळ्यात आखूड रात्र उलटल्यावर,
शेकोटीची राख गवतावर ओली होती तेव्हा.
अंधारात त्यांना पिवळट कोंब फुटलेले,
बोटभर, वाकडे,
दार कुठंय विचारत असल्यासारखे.

"आता लावतेस? वरातीमागून घोडं,"
ओयार्स खिडकीतून म्हणाला, कुबडीवर रेलून.
मी लावले. वीतभर खोल, टोक वर.
गणिताच्या बाईला शोभेल अशा ओळीत नव्हे,
जिथं माती मऊ लागली तिथं.

एक सप्टेंबरला आमच्याकडे शाळा उघडते
आणि प्रत्येक पोर बाईंसाठी फुलं नेतं.
अडतीस वर्षं त्या संध्याकाळी माझ्या न्हाणीत
अंघोळीला जागा नसायची: टबात ग्लॅडिओला,
बादल्यांत ग्लॅडिओला, एकदा तर सूपच्या पातेल्यात.
शेजारच्या राइव्हिसची यंदा पहिली इयत्ता.
त्याला मी शब्द दिला होता.
वाफ्यात नुसत्या तलवारी, हिरव्या.
तो दुकानातले अ‍ॅस्टर घेऊन गेला,
कुंपणापाशी माझ्याकडे न बघता.

चोवीस सप्टेंबर, गुरुवार, कसलाच सण नाही.
दारावर टकटक. "आलंय," तो म्हणाला.
खालच्या तीन कळ्या उघडलेल्या,
सॅल्मनच्या तुकडीचा रंग,
वरच्यांच्या मुठी मिटलेल्या.
त्याच्या कानाएवढा दांडा तो शाळेत घेऊन गेला.
बाईंनी विचारलं म्हणे, आज काय आहे?
"आज उमललंय," त्यानं सांगितलं
आणि जागेवर जाऊन बसला.

आठवड्यानं दहिवर गोठलं.
उरलेल्या कळ्या काळ्या पडल्या, उकडल्यासारख्या.
मी उकरते. तळाशी जुना कंद,
चोळामोळा, सुक्या अंजिरासारखा,
त्याच्या डोक्यावर नवा, घट्ट, तांबूस,
कडेनं हरभऱ्याएवढी पिल्लं.
अंगठ्यानं दाबलं की जुना सुटतो.
आवाज होतो. लहानसाच.

तीन आठवडे शेगडीजवळ वाळवून
फाटक्या लोकरी मोज्यांत भरले,
तळघरात टांगले बटाट्यांच्या वर,
जिथं थंडी येते पण बर्फ पोचत नाही.
जिन्याच्या तोंडाशी ओयार्स. उतरायची त्याला बंदी.
"किती निघाले?"
मी मोजलेत. एकसष्ट. तेही बारके.
"सत्तरेक," मी ओरडते.
वरून काठीचा एक ठोका,
बरं म्हणायची त्याची पद्धत.
दिवा मालवण्याआधी दारावर खडूनं लिहिते: मे.
खाली रेघ मारते. मग आणखी एक.